नेस सरोवरांतील जलराक्षस : एका दंतकथेचें साधनपरीक्षण

सनदा, महजर, ताम्रपट आणि पोथ्यांचे पाठभेद यांची चर्चा वाचण्याची संवय असलेल्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा मथळा पाहून नवल वाटेल. स्कॉटलंडांतील एका सरोवरांत अजस्र जनावर वास करतें, ही वार्ता वर्तमानपत्री करमणुकीची. तिचा इतिहाससंशोधनाशीं काय संबंध, असा आक्षेप कोणीं घेतल्यास तो वरवर पाहतां रास्तच ठरेल. तथापि ह्या वार्तेच्या समर्थनार्थ जो पुरावा पुढें करण्यांत येतो त्यांत अग्रस्थानीं एक हस्तलिखित आहे. तें हस्तलिखित अस्सल आहे, फार जुनें आहे, आणि त्याच्या लेखनिकाचें नांवही ठाऊक आहे. अस्सल साधनावरून भलताच सिद्धांत कसा उभा राहतो, याचें इतकें स्वच्छ उदाहरण आमच्या वाचनांत दुसरें नाहीं.

आरंभींच एक कबुली देणें आम्हांस प्राप्त आहे. शाळेंत शिकवीत असतांना आम्ही कित्येक वर्षें मुलांना असें सांगत आलों कीं, नेस सरोवरांतील प्राण्याचा पहिला उल्लेख इ. स. ५६५ चा असून तो एका साधूच्या चरित्रांत आहे. हें वाक्य आम्हीं एका इंग्रजी पुस्तकांतून उचललें होतें. मूळ पाहिलें नव्हतें. निवृत्तीनंतर मूळ चरित्राचें भाषांतर हातीं आलें, आणि त्या एका वाक्यांत तीन प्रमाद आढळले. वर्ष मुळांत नाहीं. सरोवर मुळांत नाहीं. आणि 'पहिला' म्हणावयास मागाहून उल्लेखांची जी अखंड मालिका असावी लागते, ती तर कोठेंच नाहीं. संस्कृत ग्रंथाचा एखादा श्लोक मूळ प्रत न पाहतां उद्धृत करणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं अनेकदां रागें भरलों आहों. त्यामुळें ही गोष्ट मनाला लागून राहिली.

लेख लिहिण्यास निमित्त मात्र निराळेंच घडलें. आमच्या एका संग्राहक स्नेह्यांच्या घरीं एका तळ्याच्या माहात्म्याची पोथी आहे. तिच्या एका पानाच्या समासांत अशी टीप आहे कीं, ह्या तळ्यांत माणसें ओढून नेणारें एक सत्त्व होतें व घराण्याच्या मूळ पुरुषानें तें मंत्रबळानें घालवून दिलें. स्नेह्यांनीं ही टीप मूळ पुरुषाच्या हयातींतील प्रमाण मानून तिच्यावर टिपण तयार केलें आणि तें छापण्यापूर्वी आम्हांस दाखविलें. आधाराला त्यांनीं नेस सरोवराचें उदाहरण घेतलें होतें : विलायतेंतसुद्धां साधूनें जलराक्षस घालविल्याचा लेखी पुरावा आहे, मग आमच्याकडे असल्यास नवल काय? तेव्हां आधीं त्या विलायती पुराव्याचीच झाडाझडती घ्यावी, असें आम्हीं ठरविलें.

प्रथम स्थळ पाहूं. स्कॉटलंडच्या उत्तर भागांत ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणारी एक प्रचंड दरी आहे. भूगर्भांतील जुन्या भेगेवर ही दरी पडली असून हिमयुगांत बर्फाच्या लोंढ्यांनीं ती खोल कोरली. तींतच नेस सरोवर आहे. लांबी सुमारें २३ मैल, रुंदी सरासरीनें मैलभर, आणि सर्वांत खोल जागीं पाणी सुमारें ७५० फूट. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर जॉन मरे व लॉरेन्स पुलर यांनीं स्कॉटलंडच्या सरोवरांची जी मोजणी केली, तींत ही खोली नोंदली गेली. इंग्लंड व वेल्स ह्या दोन देशांतील यच्चयावत् सरोवरांचें पाणी एकत्र केलें तरी तें एवढें भरत नाहीं. भोंवतालच्या कुजकट गवताळ जमिनींतून झिरपून येणारें पाणी कोऱ्या चहासारखें तपकिरी असतें. थोडें खालीं गेलें कीं अंधार. पाणी बारमाही थंड, पण गोठत नाहीं. सरोवराच्या उत्तर टोकाकडून नेस नांवाची नदी निघते आणि इनव्हर्नेस शहरावरून लगेचच समुद्रास मिळते. सरोवर आणि नदी ह्या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां हस्तलिखिताकडे वळूं. कोलंबा हा आयरिश साधु इ. स. ५६३ च्या सुमारास स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या आयोना बेटावर आला. तेथें त्यानें मठ स्थापिला आणि ५९७ त तेथेंच देह ठेविला. त्याचें लॅटिन चरित्र त्याच मठाचा नववा अधिपति आडम्नान यानें सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलें. आडम्नान ७०४ त वारला. म्हणजे चरित्रनायक व चरित्रकार यांत शतकाचें अंतर असून दोघांची गांठ कधींच पडलेली नाहीं. चरित्रकाराचा जन्मच साधूच्या मृत्यूनंतरचा आहे.

ह्या चरित्राची जी सर्वांत जुनी प्रत आज उपलब्ध आहे, तिची कहाणी आमच्या संग्राहक वाचकांस खास रुचेल. ती डोर्बेने नांवाच्या लेखनिकानें चामड्यावर दुहेरी स्तंभांत लिहिली. शेवटीं त्यानें, जो कोणी हें वाचील त्यानें आपल्या आत्म्यासाठीं प्रार्थना करावी, अशी विनंति केली आहे. आपल्याकडील लेखक पोथी तेलापाण्यापासून जपा, चूकभूल क्षमा करा म्हणून विनवितात, त्याच जातीची ही पुष्पिका होय. डोर्बेने हा आयोना मठाचाच अधिकारी असून ७१३ त वारल्याची नोंद आयरिश वार्षिकींत आहे. त्यामुळें प्रत त्यापूर्वीची, म्हणजे ग्रंथकाराच्या मृत्यूपासून फार तर नऊ वर्षांतली, किंबहुना त्याच्या हयातींतलीही असूं शकेल. ग्रंथरचनेपासून इतकी जवळची प्रत मिळणें हें किती दुर्मिळ भाग्य, तें आपणांस सांगावयास नको. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्यास एकनाथांस शके १५०६ त बसावें लागलें, कारण तीनशें वर्षांत प्रती बिघडल्या होत्या. महानुभावांस लीळाचरित्र हरवल्यावर आठवणींतून पुन्हां जुळवावें लागलें.

ही प्रत पुढें केव्हां तरी आयोनाहून निघाली आणि आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं कॉन्स्टन्स सरोवरांतील रायखेनाउ बेटावरच्या मठांत पोंचली. एका बेटावर लिहिली गेलेली पोथी दुसऱ्या बेटावर जपली गेली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्टीफन व्हाइट ह्या आयरिश पंडितानें ती तेथें पाहून नक्कल केली, व त्या नकलेवरून कोल्गन यानें १६४७ त चरित्र छापलें. नंतर मूळ पोथी दृष्टिआड झाली. १८४५ त फर्डिनंड केलर यांस स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गांवच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या एका पेटीच्या तळाशीं, क्रमांक नाहीं, नांव नाहीं, अशा स्थितींत ती सांपडली. तिच्या आधारें विल्यम रीव्ह्ज यांनीं १८५७ त सटीप आवृत्ति काढली. आणि १९६१ त अँडरसन पतिपत्नींनीं नवी आवृत्ति सिद्ध केली. सारांश, साधनाच्या अस्सलपणाविषयीं शंका घेण्यास तिळमात्र जागा नाहीं. प्रश्न आहे तो, साधन काय सांगतें एवढाच.

चरित्राचे तीन भाग आहेत : पहिल्यांत भविष्यकथनें, दुसऱ्यांत चमत्कार, तिसऱ्यांत देवदूतांचीं दर्शनें. आपलें प्रकरण दुसऱ्या भागांत आहे. त्याचा आशय असा. पिक्ट लोकांच्या मुलखांत फिरत असतां साधूस नेस नदी ओलांडावयाची होती. कांठावर लोक एका मनुष्यास पुरतांना दिसले. पोहत असतां पाण्यांतील एका जनावरानें त्यास चावून मारलें होतें व होडींतून गेलेल्या लोकांनीं आंकड्यांनीं त्याचें प्रेत ओढून काढलें होतें. हें ऐकूनही साधूनें लुग्ने मोकू मिन नांवाच्या आपल्या सोबत्यास, पलीकडच्या कांठची होडी पोहून घेऊन ये, अशी आज्ञा केली. लुग्नेनें अंगरखा तेवढा ठेवून उडी घेतली. तळाशीं दबून बसलेलें तें जनावर पाणी ढवळलेलें जाणवतांच वर आलें आणि जबडा पसरून, मोठी गर्जना करीत त्याच्यावर धांवलें. सर्वजण भयानें गारठले. साधूनें हात उंचावून हवेंत क्रुसाची खूण केली आणि, पुढें येऊं नको, त्या मनुष्यास शिवूं नको, मागें फीर, असें त्यास फर्माविलें. दोरांनीं मागें खेंचावें तसें तें जनावर पळून गेलें. त्या वेळीं त्याच्या व लुग्नेच्या मध्यें एका आंखूड वल्हेकाठीएवढेंच अंतर राहिलें होतें. हें पाहून तेथील रानटी लोकांनींही ख्रिस्ती देवाची थोरवी मान्य केली.

एवढेंच आहे. जनावराचा रंग, लांबी, मान, पाठ, शेंपूट यांविषयीं अक्षर नाहीं. लॅटिन शब्द 'बेस्टिया', म्हणजे जनावर, एवढाच. त्याला 'पाण्यांतलें' हें विशेषण.

आतां पहिला मुद्दा. घटना नदींत घडते. 'ग्रंथकार सरोवरास सैलपणें नदी म्हणाला असेल', अशी पळवाट समर्थक काढतात. ती टिकत नाहीं. त्याच चरित्राच्या तिसऱ्या भागांत साधु ह्याच प्रदेशांतून जात असतां अर्कहार्टच्या खोऱ्यांत एका वृद्धास दीक्षा देतो, ती कथा आहे. तेथें आडम्नान 'नेस नदीचें सरोवर' असा स्पष्ट शब्दप्रयोग करतो. म्हणजे त्याला दोहोंतला भेद माहीत होता, दोहोंसाठीं शब्द होते, आणि जनावराच्या कथेंत त्यानें नदीचाच शब्द योजिला. ग्रंथकाराची शब्दयोजना ग्रंथकारावरूनच ठरवावी, हा मीमांसेंतला साधा नियम येथें पुरेसा आहे. शिवाय पलीकडच्या कांठची होडी पोहून आणावयाची, आणि हें सारें अलीकडे उभ्या असलेल्यांस स्पष्ट दिसावयाचें, हें नदीच्या पात्रास शोभतें. मैलभर रुंद सरोवरास नव्हे.

दुसरा मुद्दा प्रकरणाच्या स्थानाचा. संग्राहक सुटें पान हातीं आलें तर त्याचा मागचापुढचा संदर्भ शोधतो. येथें संदर्भ उपलब्ध असून कोणी पाहत नाहीं. ह्या प्रकरणाच्या लगेच आधीं स्काय बेटावरील एका भयंकर रानडुकराची कथा आहे : साधूच्या शब्दानें तें जागच्या जागीं मरून पडतें. लगेच पुढें आयोना बेटावरील सापांची कथा आहे : साधूच्या आशीर्वादानें त्यांचें विष माणसांस व गुरांस बाधेनासें होतें. रानडुकर, जलचर, सर्प. भूमि, जल आणि बीळ. तीन कथांची ही जुडी साधूची हिंस्र प्राण्यांवरील सत्ता दाखविण्यासाठीं रचलेली आहे, हें उघड दिसतें. मधली कथा तेवढी उचलून प्राणिशास्त्राच्या कोर्टांत साक्षीस उभी करावयाची आणि शेजारचें रानडुकर विसरावयाचें, हा न्याय कोणता? आयर्लंडच्या इतर साधूंच्या चरित्रांतही नद्यासरोवरांतलीं सत्त्वें दबविल्याच्या कथा विपुल आहेत.

आपल्याकडील वाचकांस येथें कालियाची आठवण होणें स्वाभाविक आहे. भागवताच्या दशमस्कंधांत श्रीकृष्ण कालियास ठार करीत नाहीं, डोहांतून निघून जाण्यास सांगतो. कोलंबाही जनावरास मारीत नाहीं, परतवितो. अष्टमस्कंधांतल्या गजेंद्रास धरणारा ग्राह हाही जलचरच. ह्या साम्यावरून आयोना व मथुरा यांचा कांहीं दळणवळणाचा संबंध होता असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. असले पूल बांधण्याची हौस आमच्यांतील कांहींना फार आहे. म्हणणें एवढेंच कीं, कालियाच्या कथेवरून यमुनेंत अनेक फणांच्या सर्पाचा शोध घेण्यास कोणी यंत्रें घेऊन उतरत नाहीं. तिचें प्रयोजन आपणांस कळतें. परक्याच्या पुराणांत मात्र आपण इतिहास वाचतों.

तिसरा मुद्दा सालाचा. आडम्नाननें ह्या प्रकरणास वर्ष दिलेलें नाहीं. मग ५६५ कोठून आलें? बीड ह्या इंग्रज इतिहासकारानें ७३१ त पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथांत कोलंबाच्या आगमनास ५६५ हें वर्ष दिलें आहे. तोच आंकडा कोणीं तरी जनावराच्या गळ्यांत बांधला असावा. नक्की साल आलें कीं कथा दस्तऐवजासारखी दिसूं लागते. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत (१८९८) बखरींतील कालविपर्यासाचें जें परीक्षण केलें आहे, त्यांत हा प्रकार बसूं शकला असता.

आडम्नाननंतर काय? ह्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत देतां येतें, कारण सांगण्यासारखें थोडेंच आहे. हेक्टर बोईस यानें १५२७ च्या आपल्या इतिहासांत एका विलक्षण जलसत्त्वाचें वर्णन केलें आहे, पण तें पश्चिमेकडील अर्गाइल प्रांतांतल्या दुसऱ्याच सरोवराचें. डोंगरी मुलखांत 'पाण्याचा घोडा' हें भूत सर्वत्र मानीत : कांठावर देखणें घोडें चरतांना दिसतें, वर बसलेलें मूल त्याच्या पाठीस चिकटतें, आणि तें डोहांत शिरतें. आपल्या साती आसरांप्रमाणें हें भूत प्रत्येक डोहाचें आहे, एकट्या नेसचें नाहीं. मुलांनीं खोल पाण्याकडे जाऊं नये, हा त्याचा व्यवहारांतला उपयोग. एकोणिसाव्या शतकांत इनव्हर्नेसच्या वर्तमानपत्रानें नेस सरोवरांतील दोन गमती छापल्या. १८५२ त पाण्यांतून कांहीं तरी पोहत येतांना पाहून गांवकरी हत्यारें घेऊन धांवले; तीं निघालीं दोन तट्टें. १८६८ त कांठाशीं एक अज्ञात प्रेत लागलें; तें कोळ्यांनीं चेष्टेखातर टाकलेल्या, कातडें सोललेल्या लहान जातीच्या देवमाशाचें ठरलें. दोन्हीं वेळां लोक हंसले. 'आमच्या सरोवरांतलें तें प्रसिद्ध जनावर हेंच' असें कोणी म्हणाल्याचें दिसत नाहीं. हजार वर्षांची परंपरा असती तर तें म्हणणें सर्वांच्या तोंडीं आधीं आलें असतें.

परंपरेचा खरा जन्म २ मे १९३३ रोजीं झाला. त्या दिवशींच्या 'इनव्हर्नेस कुरियर' पत्रांत अॅलेक्स कॅम्पबेल ह्या बातमीदारानें, जो सरोवरावरील मासेमारीचा रखवालदारही होता, एका दांपत्यानें पाण्यांत देवमाशासारखें अंग असलेलें कांहीं तरी उसळतांना पाहिल्याचें वृत्त दिलें. सरोवराच्या उत्तर कांठानें नवा मोटाररस्ता त्याच सुमारास झाला होता. सुरुंगांनीं जनावर बिथरलें असें कोणी म्हणतात, पाहणारे डोळे वाढले असें आम्ही म्हणतों. ऑगस्टांत लंडनच्या एका गृहस्थाचें पत्र प्रसिद्ध झालें कीं, लांब मानेचा एक प्राणी रस्ता ओलांडतांना त्यानें पाहिला. मे महिन्यांतल्या देवमाशास मान नव्हती; ऑगस्टांत ती फुटली. 'किंग काँग' नांवाचा चित्रपट त्याच वर्षीं विलायतेंत दाखविला गेला असून त्यांत लांब मानेचा एक जलचर आहे. पत्रलेखकाचें वर्णन तेथून आलें असावें, असा तर्क लॉक्स्टन व प्रोथेरो यांनीं २०१३ च्या आपल्या ग्रंथांत मांडला आहे. तो सिद्ध करतां येत नाहीं, पण आम्हांस पटतो. आडम्नानचें प्रकरण शोधून काढून ह्या वृत्ताच्या मुळाशीं नेऊन लावण्याचा उद्योग ह्या गाजावाजानंतरचा आहे. वंशावळ आधीं आणि मूळ पुरुष मागाहून, हा प्रकार जहागिरीच्या वादांतले कागद पाहणाऱ्यांस नवा नाहीं.

त्यानंतर बनावट साधनांचा सुकाळ झाला. डिसेंबर १९३३ त 'डेली मेल' पत्रानें मार्मड्यूक वेदरेल ह्या शिकाऱ्यास सरोवरावर पाठविलें. त्याला लगोलग प्रचंड पावलांचे ठसे मिळाले. लंडनच्या प्राणिसंग्रहशास्त्रज्ञांनीं जानेवारींत निकाल दिला कीं, ठसे पाणघोड्याच्या एकाच वाळलेल्या पायानें पुन्हां पुन्हां उमटविलेले आहेत. अशा पायांचीं छत्र्या किंवा रक्षा ठेवण्याचीं पात्रें त्या काळीं श्रीमंतांच्या घरीं असत. वेदरेलचें हंसें झालें. मग २१ एप्रिल १९३४ रोजीं त्याच पत्रांत तें जगप्रसिद्ध छायाचित्र आलें : शांत पाणी, त्यांतून वर आलेली बारीक वांकडी मान, इवलेंसें डोकें. घेणारे म्हणून रॉबर्ट केनेथ विल्सन ह्या लंडनच्या डॉक्टराचें नांव सांगण्यांत आलें, म्हणून तें 'शस्त्रवैद्याचें छायाचित्र' ठरलें. साठ वर्षें तें पुराव्याचा मुकुटमणि होऊन राहिलें. अखेर वेदरेलचा सावत्र मुलगा ख्रिश्चन स्पर्लिंग यानें मरणापूर्वी कबुली दिली आणि १९९४ त ती प्रसिद्ध झाली : बाजारांतल्या खेळण्यांतल्या पाणबुडीवर लांकडाच्या लगद्याची मान बसवून, अपमानाचा सूड म्हणून वेदरेलनें हें घडविलें, आणि प्रतिष्ठित डॉक्टरास पुढें केलें.

ह्यांतलीं दोन अंगें साधनपरीक्षकानें टिपण्याजोगीं आहेत. चित्रावर विश्वास बसला तो चित्रामुळें नव्हे, आणणाऱ्यामुळें. आप्ताचें वाक्य प्रमाण खरें; पण ज्या विषयांत तो आप्त आहे त्याच विषयांत. वैद्यकींतला आप्त जलचरांविषयीं आप्त होत नाहीं, आणि येथें तर त्यानें स्वतः पाहिलेंच नव्हतें. दुसरें अंग असें कीं, छापलेलें चित्र चोहोंबाजूंनीं कापलेलें होतें. पुरें चित्र पाहिलें तर विस्तीर्ण पाण्यांत ती वस्तु अगदीं लहान दिसते, आणि लाटांशीं ताडून पाहतां तिचें माप वीतभर-हातभर असावें हें साध्या डोळ्यांस कळतें. पुरें चित्र नाहींसें झालें नव्हतें; तें मागून पाहण्याची तसदी वर्षानुवर्षें थोड्यांनींच घेतली.

सरकारी दप्तरही ह्या ज्वरांतून सुटलें नाहीं. १९३८ सालचें इनव्हर्नेस परगण्याच्या पोलीस प्रमुखाचें एक पत्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दप्तरांतून उजेडांत आलें आहे. कोणी हौशी मंडळी भाल्याची बंदूक घेऊन जनावर जिवंत वा मेलेलें पकडण्यास निघालीं होतीं. तेव्हां प्राण्याचें अस्तित्व नि:संशय आहे, पण त्याचें संरक्षण करण्याची आपली शक्ति संशयित आहे, अशा आशयाचें तें लिहिणें आहे. कागद अस्सल, सही अस्सल, शिक्का अस्सल. तो काय सिद्ध करतो? १९३८ त एका जबाबदार अधिकाऱ्याची समजूत काय होती, तें. पाण्यांत काय होतें, तें नव्हे.

पुढचे शोध आम्ही झपाट्यानें सांगतों. १९६२ पासून दहा वर्षें एक मंडळ कांठावर दुर्बिणी व कॅमेरे लावून बसलें. १९७२ व १९७५ त अमेरिकेच्या रॉबर्ट राइन्स यांनीं पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं. त्यांतल्या एकांत शंकरपाळ्याच्या आकाराचा कल्ला दिसतो असें त्यांचें म्हणणें. त्याच्या बळावर, प्राण्यास कायद्याचें संरक्षण मिळावें म्हणून, सर पीटर स्कॉट व राइन्स यांनीं डिसेंबर १९७५ च्या 'नेचर' पत्रांत त्याचें शास्त्रीय नामकरण केलें : 'नेसिटेरास रॉम्बोप्टेरिक्स'. स्कॉटलंडच्या एका विनोदी लोकप्रतिनिधीनें दाखवून दिलें कीं, त्याच इंग्रजी अक्षरांची जुळवाजुळव निराळी केली तर 'सर पीटर एस. यांची राक्षसी थाप' असें वाक्य निघतें. राइन्सनेंही त्याच अक्षरांतून, 'होय, दोन्हीं चित्रें राक्षसांचींच' अशा अर्थाचें वाक्य काढून उत्तर दिलें. आमच्या चित्रकाव्यकारांनीं ह्या वादांत आनंदानें भाग घेतला असता. राहिला कल्ला, मूळ चित्र अस्पष्ट असून त्याचा आकार मागाहून उठावदार करण्यांत आला होता, असें पुढें दिसून आलें.

ऑक्टोबर १९८७ त वीसांहून अधिक नौका ओळीनें चालवून ध्वनिलहरींनीं सरोवर झाडून काढण्यांत आलें. उलगडा न झालेल्या थोड्या खुणा मिळाल्या, प्राणी मिळाला नाहीं. २००३ त बी. बी. सी. नें सहाशें ध्वनिशलाकांनीं पुन्हां तपास केला, कांहीं नाहीं. २०१८ त न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनीं निराळी वाट धरली. प्रत्येक प्राण्याच्या अंगांतून कातडें, विष्ठा, खवले असे सूक्ष्म अंश पाण्यांत गळत असतात. त्यांतील आनुवंशिक द्रव्य वाचून तेथें कोणकोण राहतें तें सांगतां येतें. त्यांनीं निरनिराळ्या खोलींवरून सुमारें २५० नमुने घेतले. सप्टेंबर २०१९ त निष्कर्ष जाहीर झाला : सरपटणाऱ्या कोणत्याही प्राण्याचा मागमूस नाहीं, मोठ्या शार्कचा नाहीं, स्टर्जन माशाचा नाहीं. वामीचा अंश मात्र जागोजाग विपुल. वाम केवढी, हें ह्या पद्धतीनें कळत नाहीं. म्हणून 'राक्षस म्हणजे प्रचंड वाम' ही नवी आवई उठली. २०२३ त फॉक्सन यांनीं वामींच्या मापांचें गणित मांडून, एवढी मोठी वाम असण्याचा संभव जवळजवळ शून्य असल्याचें दाखविलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत शेंकडों स्वयंसेवकांनीं आणखी एक शोध केला. निष्पत्ति पूर्ववत्.

डायनोसॉरांच्या काळचा एखादा लांबमान्या जलचर तेथें उरला असेल, ह्या कल्पनेचा विचार दोन वाक्यांत आटपतो. ते प्राणी सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, आणि नेस सरोवराची जागा दहाबारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फानें भरलेली होती. शिवाय एकच प्राणी चौदाशें वर्षें जगत नाहीं; कुटुंब पाहिजे, कुटुंबास अन्न पाहिजे, आणि हें थंड, काळोखें पाणी अन्नाच्या बाबतींत दरिद्री आहे.

मग शेंकडों माणसांनीं पाहिलें तें काय? सगळे लबाड होते असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं, आणि गरजही नाहीं. उन्हाळ्यांत ह्या सरोवरावर कोंबट पाण्याचा थर तरंगतो व खालीं थंड पाणी राहतें. वारा वरच्या थरास एका टोकाकडे रेटून धरतो. वारा पडला कीं दोन थरांमधली सीमा तराजूच्या दांडीप्रमाणें हेलकावूं लागते. अशा वेळीं एखादा ओंडका वाऱ्याच्या उलट दिशेनेंही चालतो, जणूं जीव असल्यासारखा. आगबोट दृष्टिआड गेल्यावर बऱ्याच वेळानें तिच्या लाटा सरळ कड्यांवर आपटून परततात, एकमेकींस भेटतात, आणि आरशासारख्या पाण्यावर उंचवट्यांची रांग उठते. पोहणारें हरीण, पाणकावळ्यांची माळ, ऊदमांजर ह्यांची भर आहेच. दूरच्या पाण्यावर वस्तूचें माप घेण्यास डोळ्यास कांहीं आधार नसतो. पाहणारा प्रामाणिकपणें पाहतो, आणि नांव मात्र १९३३ पासून तयार असतें. येथें अंधपरंपरान्याय पुरतेपणीं लागू पडत नाहीं, कारण ह्या रांगेंतल्या प्रत्येकास डोळे आहेत.

शाफहाउझेनची पोथी आतां छायारूपानें सर्वांस पाहतां येते. स्नेह्यांसह आम्हीं तें प्रकरण काढून पाहिलें. लॅटिन त्यांना येत नाहीं. पण अक्षराचें वळण आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे, समासांत कोणीं कांहीं घुसडलेलें नाहीं, हें त्यांच्या सरावलेल्या डोळ्यांनीं लगेच ओळखलें. मग त्यांनीं आपली पोथी उघडली. माहात्म्याची शाई काळी, घट्ट. टीप तपकिरी शाईची. माहात्म्यांत 'ख' जुन्या वळणाचा, टिपेंत छापील पुस्तकासारखा. टिपेंत घराण्याचें आडनांव आहे, आणि तें आडनांव घराण्यास चार पिढ्यांपूर्वी मिळालें, हें त्यांनींच आपल्या टिपणाच्या पहिल्या पानावर लिहिलें होतें.

स्नेही बराच वेळ बोलले नाहींत. त्यांच्या आजोबांनीं ही टीप दर श्रावणांत मोठ्यानें वाचून दाखविण्याचा परिपाठ ठेविला होता. शेवटीं ते म्हणाले, "गुरुजी, मग यादींत हिची नोंद करूं कीं नको?"

आम्हीं सांगितलें, अवश्य करावी. त्याप्रमाणें त्यांच्या यादींत आतां अशी नोंद आहे : तळ्याचें माहात्म्य, पूर्ण, समासांत टीप एक, हस्त दुसरा, शाई निराळी, काळ अर्वाचीन, टीपलेखक बहुधा आजोबांचे वडील.